येथे वेडेपणाचा दाखला मिळत नाही

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका दुकानाच्या कडेने लाकडी जिना वर जायचा. जिन्याच्या तोंडाशी दोन पाट्या होत्या. वरची रीतसर छापलेली: 'निर्मला साळवे, मानसशास्त्रज्ञ. न्यायालयीन कामासाठी व नोकरीसाठी मानसिक तपासणी.' खालची ब्रशने, हाताने रंगवलेली: 'येथे वेडेपणाचा दाखला मिळत नाही.'

खालची पाटी मॅडमनी स्वतः रंगवली होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी हे दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि पहिल्याच आठवड्यात तीन माणसं जिना चढून आली. एकाला बायकोबद्दल कागद हवा होता, दुसऱ्याला भावाबद्दल, आणि तिसऱ्याला शेजाऱ्याबद्दल, कारण शेजारी गाडी लावण्यावरून भांडायचा. ज्याच्याबद्दल कागद हवा तो माणूस तिघांपैकी एकानेही बरोबर आणला नव्हता. तिसरा माणूस जिना उतरला तशा मॅडमही त्याच्यामागून उतरल्या, काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन परत आल्या आणि जिन्यातच बसून पाटी रंगवायला लागल्या.

ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो होतो. माझ्या बहुतेक फजित्यांची सुरुवात अशा हसण्यापासूनच झालेली आहे.

मी तेव्हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत कार्मिक विभागात होतो. हल्ली त्याला एचआर म्हणतात. काम तेच: साहेबांना जे बोलायचं असतं पण लिहायची लाज वाटते, ते सभ्य भाषेत लिहून देणं. यात मी इतका तयार झालो होतो की कामावरून काढल्याचं माझं पत्र वाचून एका माणसाने मला धन्यवाद दिले होते. मसुदा लिहावा तर कदमांनी, असं साहेब चारचौघांत म्हणायचे आणि मी लाजून खाली बघायचो. खाली बघायची मला एरवीही सवय होतीच.

कंपनीत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून ठेवणारी गाडी, चालवायला माणूस घ्यायचा तर डोळे, रक्तदाब आणि मन, तिन्ही तपासून घ्यावं लागे. मनाची तपासणी साळवे मॅडमकडे. पहिल्या खेपेला सहा उमेदवारांना घेऊन मी तो जिना चढलो. फॉर्म कसा भरायचा हे त्यांना कळावं म्हणून मी एक नमुना भरून दाखवला होता. नमुना म्हणून माझंच नाव, माझंच वय, आणि 'कोणत्या कामासाठी तपासणी' या रकान्यात 'फोर्कलिफ्ट चालक'. तो नमुना काढून घ्यायचा राहिला आणि नेमका गठ्ठ्याच्या वर गेला.

आतून आवाज आला, “कदम कोण? या.”

मी आत गेलो. बारीक चणीच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेल्या बाई. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात शाईचं पेन आणि टेबलावर एका वाटीत बेदाणे. “घ्या, बसा,” म्हणाल्या. अधिकारी माणसाचा मान राखतायत, असं समजून मी ऐसपैस बसलो आणि मूठभर बेदाणे उचलले.

“फोर्कलिफ्ट चालवणार?”

“चालवणार कसला, चालवून घेणार!” मी विनोद केला.

त्यांनी तो लिहून घेतला.

मग झोप कशी लागते, घरी कोण कोण असतं, राग आला तर काय करता, साहेब ओरडले तर काय वाटतं. मला वाटलं, बाई बोलक्या आहेत. मीही बोललो. बायकोला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. की साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी मी बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून काय बोलायचं याची तालीम करतो, आणि आत गेल्यावर फक्त “हो सर” म्हणून परत येतो. छातीत धडधडतं म्हणालो. आणि उगाच बरोबरीच्या नात्याने विचारलं, “तुम्हाला कधी असं होतं का हो, मॅडम?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “व्हायचं. नोकरीत असताना दोन वर्षं गोळ्या घेतल्या मी. बरं वाटलं, डॉक्टरांनी बंद केल्या.” आपण लहानपणी टायफॉइड झाला होता म्हणतो, तितक्या सहज.

पाऊण तासाने त्यांनी लिहिलेला कागद उचलला आणि म्हणाल्या, “ऐका. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं आधी ऐकायचं, मग माझी सही. पटलं नाही तर सांगा, तेही खाली लिहीन.” आणि वाचायला लागल्या:

“'श्री. कदम यांचं बोलणं सुसंगत आहे. विनोद करतात, बहुतेक वेळा भीती वाटली की करतात. वरिष्ठांसमोर वाक्य पूर्ण करत नाहीत. फोर्कलिफ्ट चालवण्यास मानसिकदृष्ट्या योग्य. मात्र त्यांना फोर्कलिफ्ट चालवता येते का, याबद्दल मला शंका आहे.'”

मी ताडकन उठलो. “अहो मॅडम, मी त्यांना घेऊन आलोय! मी ऑफिसर आहे!”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही विचारलंच नाही!”

“फॉर्मवर नाव तुमचं. खुर्चीत तुम्ही. पाऊण तास बोललात तुम्ही, आणि अर्धी वाटी बेदाणे संपवलेत तेही तुम्हीच. मी आणखी काय विचारायचं?”

बाहेर आलो तर बाकावरच्या सहापैकी एकाने अदबीने विचारलं, “साहेब, पास झाले का?”

त्या बेदाण्यांची पुढे मोठी गंमत झाली. अंबडपासून सातपूरपर्यंतच्या ड्रायव्हरांत अशी बातमी पसरली की खरी परीक्षा बेदाण्यांची असते. जास्त घेतले तर हावरा, घेतलेच नाहीत तर संशयी, एकेक करून खाल्ला तर डोक्यात काहीतरी घोळ. एक जण म्हणे मोजून पाच घ्यायचे असं ठरवून गेला आणि घाबरून सहावा तोंडात गेला तेव्हा रडकुंडीला आला. मी हे मॅडमना सांगितलं. त्या हसून हसून टेबलाला धरून बसल्या. “निफाडला भावाचा द्राक्षमळा आहे हो. गोणीभर पाठवतो दरवर्षी. संपत नाहीत म्हणून ठेवते!” पण वाटी काही त्यांनी हलवली नाही.

त्यांना एका शब्दाचा मनापासून राग होता. कुणी म्हणालं, “मॅडम, हा नॉर्मल आहे का तेवढं सांगा,” की त्या म्हणायच्या, “नॉर्मल पाणी असतं. हॉटेलात विचारतात ना, थंड की नॉर्मल? माणसाचं तसं नसतं.” तपासणीला आलेल्या प्रत्येकाला अहोजाहो. मारामारीच्या खटल्यातला आरोपी असो की दहावीतली मुलगी, “तुमचं काय म्हणणं आहे?” असंच. अहवाल मराठीत, आणि अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं मोठं. त्यांचे वडील निफाड तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. वस्तीतल्या लोकांचे अर्ज तेच लिहून द्यायचे. ते मुलीला सांगायचे, सही करण्याआधी बघ, हा कागद कुणाच्या कपाळावर चिकटणार आहे. मॅडम हे सांगताना स्वतःच्या कपाळावर तळहात मारायच्या, फाटकन.

एकदा मी बाकावर बसलो होतो तेव्हा निफाडकडचे एक आजोबा आले होते. बरोबर दोन मुलं, दोघांच्या हातात जाडजूड मोबाइल. आजोबांना मृत्युपत्र करायचं होतं आणि मुलांचं म्हणणं, बाबांना आता काही उमगत नाही, तसं लिहून द्या. तासाभराने मॅडमनी दार किलकिलं केलं आणि आजोबांना विचारलं, “अहवाल वाचते. दार लावून वाचू की उघडं ठेवून?”

“उघडंच ठिवा,” आजोबा म्हणाले. “आयकू द्या त्येन्ला.”

मॅडमनी वाचलं: “'आजची तारीख सांगता येत नाही. महिना विचारल्यावर, छाटणी झाली का ते सांगा म्हणजे महिना सांगतो, असं म्हणाले. कुठल्या बागेला फवारणी उशिरा झाली आणि ती कोणत्या मुलामुळे, हे तपशिलाने सांगतात. दोन्ही मुलांना ओळखतात. चांगलंच ओळखतात. मृत्युपत्र करण्यास सक्षम.'”

मुलं बुटांकडे बघायला लागली. आजोबा म्हणाले, “बाई, ते शेवटचं अजून एकडाव वाचा.”

मॅडमनी पुन्हा वाचलं. आधीपेक्षा मोठ्याने.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो. येताना पाय जड होतात, कारण यात माझा पराक्रम आहे.

आमच्या प्रेस शॉपमध्ये देवळा तालुक्यातला संतोष आहेर नावाचा ऑपरेटर होता. प्रेस म्हणजे पत्र्यावर वरून ठोका घालून त्याला आकार देणारं मशीन. ठोका पडताना हात आत राहू नये म्हणून त्याला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडतो. पण यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझर एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधून टाकायचा. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पत्रा सरकव, काम दुप्पट. असंच चालू असताना संतोषच्या शेजारच्या मशीनवर गोरख नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली.

त्या दिवसापासून संतोष पाळी सुरू होताना चिकटपट्टी काढून टाकायचा. परत लावली की हात मागे बांधून उभा राहायचा. आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ लिहायचा: 'बटण बांधलेलं आहे. मी मशीन चालवणार नाही.' रोज तीच ओळ, तीच जागा, त्याच शब्दांत.

साहेबांना तिथे वाट सापडली. “कदम, हे रोज रोज तेच लिहिणं म्हणजे डोक्याचाच भाग आहे. तपासणीला पाठवा. अयोग्य म्हणून कागद आला की प्रश्न मिटला. मॅडमना त्रास नको, मजकूर आपणच तयार करून द्या.”

तयार मजकूर पाठवायची आमच्याकडे पद्धतच होती. डोळ्यांचे डॉक्टर, रक्तदाबाचे डॉक्टर, सगळे खाली सही ठोकून परत पाठवायचे. मी तीन दिवस खपून मसुदा केला. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला होता. रात्री बायकोला वाचूनही दाखवला. ती म्हणाली, “कोण वारलं हो?” मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही, भाषा बघ.

पत्राला मसुदा टाचून, संतोषला घेऊन मी पंचवटीत गेलो. मॅडमनी पत्र वाचलं. मसुदा वाचला. चष्मा वर ढकलला. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाल्या, “कदम, बसा. संतोषभाऊ, तुमच्याबद्दल कंपनीनं काही लिहिलंय. मी वाचू, की यांनी वाचलेलं चालेल?”

संतोष म्हणाला, “वाचू द्या त्येन्लाच.”

मी घसा साफ केला. “'सदर कामगार हा कमालीचा संशयी असून एकाच विचाराच्या आवर्तात सापडलेला दिसतो. त्याच्या ठायी काल्पनिक भयाने ठाण मांडले असून...'”

“कदम साहेब,” संतोषने हात वर केला, शाळेतल्यासारखा. “आवर्त म्हंजे?”

“म्हणजे... भोवरा. फिरत राहणं.”

“आन् काल्पनिक म्हंजे जे नाय ते?”

“हो.”

“मंग गोरखची दोन बोटं कुठं गेली?”

मी पुढची ओळ शोधायला लागलो. खाली बाजारात कुणीतरी मेथीची जुडी मेथीची जुडी ओरडत होतं.

“पुढे वाचा,” मॅडम म्हणाल्या. मी शेवटपर्यंत वाचलं. इतका वाईट मसुदा मी आयुष्यात वाचलेला नाही.

“हे कंपनीचं म्हणणं झालं,” मॅडमनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि फाइलला लावला. “परत मिळणार नाही. आता मी माझं काम करते.”

त्यांनी संतोषला तीनदा बोलावलं. आणि मग कंपनीत यायचं म्हणाल्या. ज्या कामाला माणूस योग्य की अयोग्य ते सांगायचं, ते काम बघितल्याशिवाय त्या लिहीत नसत. हॉर्न बंद पडलेल्या स्कूटरवरून, वाटेतल्या सगळ्यांना “सरका हो, सरका!” असं तोंडाने सांगत त्या अंबडला आल्या. त्या यायच्या आधी सुपरवायझरने अर्थातच चिकटपट्टी काढून टाकली होती. मॅडम डोक्यावर हेल्मेट चढवून मशीनसमोर उभ्या राहिल्या, एका बटणावर बोट टेकवलं आणि उचललं. बोट चिकट झालं होतं. त्यांनी रुमालाला ते पुसलं, रुमालाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

अहवाल त्यांनी संतोषला वाचून दाखवला तेव्हा मी जिन्यात होतो. संतोषने नंतर मला सांगितला, त्याला तो पाठच झाला होता: 'संतोष आहेर यांना भीती वाटते. ज्या गोष्टीची वाटायला हवी तिचीच वाटते. एका बटणाला चिकटपट्टीचा गोंद आहे, तो मी स्वतः पाहिला. गोरख यांच्या अपघातानंतर संतोष यांना झोप कमी लागते. कामास योग्य.' संतोष म्हणाला होता, मॅडम, ते झोपेचं काढा, घरी कळंल. मॅडम म्हणाल्या, खरं आहे ना? मग राहू द्या. झोप कमी झाली म्हणून माणूस कमी होत नाही.

साहेबांनी अहवाल वाचला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. संतोषला 'गैरवर्तन' म्हणून कामावरून काढलं. ते पत्रही मीच लिहिलं. तो कामगार न्यायालयात गेला. सहा वर्षांची नोकरी, देवळ्याला आईबाप, इथे बायको आणि दोन पोरं. त्याहून मोठं म्हणजे, कंपनीने आता सगळीकडे सांगितलं होतं की त्याचं डोकं फिरलंय, आणि दुसरीकडे कुठे तो कामाला उभा राहिला की तिथले लोक फोन करून आम्हालाच विचारायचे.

मॅडमची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. कंपनीचे वकील उलटतपासणीला उठले.

“मॅडम, तुम्ही स्वतः मनाच्या आजारावर गोळ्या घेत होतात, हे खरं आहे का?”

ही गोष्ट मॅडमनी ज्याला सांगितली होती त्याने त्याच आठवड्यात कँटीनमध्ये, वांग्याची भाजी वाढून घेताना, चार जणांना खुसखुशीत करून सांगितली होती. त्या माणसाचं नाव कदम.

“खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोन वर्षं. गोळ्यांची नावं सांगते, लिहून घ्या.”

“म्हणजे ज्या व्यक्तीचं स्वतःचं मन...”

“वकीलसाहेब, तुम्हाला चष्मा आहे. कुठल्या डॉक्टरांकडून केलात?”

“याचा इथे संबंध नाही.”

“त्या डॉक्टरांना चष्मा आहे का?”

न्यायाधीशांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. “वकिलांनी उत्तर द्यायची गरज नाही. मॅडम, तुम्ही पुढे बोला.”

“मला आजारपण लपवायचं नाही, साहेब. मी लपवलं तर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवते की हे लपवायचं असतं. संतोष आहेरांना झोप कमी लागते, मी लिहिलंय. मी गोळ्या घेतल्या, हेही लिहून घ्या. पण बटणावर गोंद होता. मी आयुष्यात एकही गोळी घेतली नसती, तरी तो तिथंच असता.”

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. “कदम, गोळ्यांचं तुम्ही सांगितलंत ना?”

“मॅडम, ते म्हणजे जेवताना असं...”

“वाक्य पूर्ण करा.”

“मी सांगितलं.”

“हं. गुपित नव्हतं ते. पण सांगायचं माझं होतं, तुमचं नव्हतं.” एवढं बोलून त्या गेल्या. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या तारखेला मी कंपनीचा साक्षीदार. कंपनीचं म्हणणं असं ठरलं होतं की तो टाचलेला मसुदा म्हणजे मॅडमचंच आधीचं मत, कामगाराच्या दबावाखाली त्यांनी ते बदललं. मला काही विचारलं तर 'आठवत नाही' एवढंच म्हणायचं होतं. आरशासमोर मी त्याचीही तालीम केली होती.

संतोषचे वकील मात्र मसुदा हातात घेऊन सावकाश वाचायला लागले. “'विचाराच्या आवर्तात'... वा. 'भयाने ठाण मांडले असून'... काय भाषा आहे! साळवे मॅडम तर फार साधं लिहितात. हे इतकं वळणदार कुणी लिहिलं असेल? तुमच्या साहेबांनी?”

साहेब समोरच बसले होते. रजेचा अर्जही ज्यांना धड लिहिता येत नाही ते साहेब.

“छे!” माझ्या तोंडून निघून गेलं. “साहेबांना कुठलं येतंय असं! माझं आहे ते.”

वकील मान तिरकी करून म्हणाले, “तपासणीच्या आधी लिहिलंत की नंतर?”

आता वाक्य पूर्ण करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “आधी. चार दिवस आधी. साहेबांनी सांगितलं म्हणून.”

लोक नंतर म्हणाले, कदमांनी धाडस केलं. मी नाही म्हणत नाही, पण खरं ते असं की मसुद्याचं श्रेय दुसऱ्याला जातंय हे मला सहन झालं नाही. मागच्या बाकावर साळवे मॅडम पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. खांदे हलत होते. हसत होत्या की काय, मला आजही सांगता येणार नाही.

निकाल संतोषच्या बाजूने लागला. परत कामावर घ्या. दरम्यान माझी बदली कंपनीतल्या कंपनीत, कँटीनवर झाली होती. आणि एचआरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की साळवे मॅडमकडे माणसं पाठवू नका, त्या कोर्टात जातात. महिन्याभरात त्यांच्याकडचा बाक रिकामा झाला. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, “बरं झालं. बाक पुसून तरी होईल.”

संतोष रुजू व्हायच्या दोन दिवस आधी कंपनीचं पत्र आलं. रुजू होण्यापूर्वी मानसिक योग्यतेचा नवीन दाखला सादर करावा. पत्र माझ्या जागी आलेल्या माणसाने लिहिलं होतं. भाषा सुमार.

संतोषबरोबर मीही जिना चढलो. मॅडमनी पत्र वाचलं आणि परत केलं. “देणार नाही.”

संतोषचं तोंड उतरलं. “मॅडम, कागुद दिला नाय तर आत घेनार नाय.”

“आणि दिला तर? पुढच्या महिन्यात परत मागतील. तुम्ही शिंकलात तरी मागतील. जन्मभर शहाणं असल्याचा कागद खिशात घेऊन फिरणार का, संतोषभाऊ? त्या साहेबांकडे आहे का तो? या कदमांकडे आहे?”

“माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “फोर्कलिफ्टचा.”

“तुम्ही गप्प बसा. कोर्टानं सांगितलंय कामावर घ्या. त्याच्यावर माझी सही कशाला? पहिली पाळी किती वाजता?”

“सातला.”

“मी येते.”

दुसऱ्या दिवशी मी कँटीनचं दूध घ्यायला गेटवर आलो तेव्हा त्या आधीच येऊन उभ्या होत्या. अंगात स्वेटर, पायात बूट. शेजारी संतोष, नवा शर्ट घालून. तो फोनवर आईला सांगत होता, “माय, काळजी करू नको. सगळं बरं शे.” आवाज मात्र बरा नव्हता.

गेटवरचे बोराडे काका दोघांकडे आळीपाळीने बघत होते. “मॅडम, दाखला आना म्हनून ऑर्डर हे मला.”

“दाखला नाही. कोर्टाचा कागद आहे, हा घ्या. आणि माझ्या सहीची शंका असेल तर मीच आले आहे. काय विचारायचं ते मला विचारा.”

“मी काय इचारनार, मॅडम?”

“मग ज्यांना विचारायचंय त्यांना बोलवा.”

काकांनी साहेबांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “साहेब म्हनतेत, इथं बसता येनार नाय.”

“मी कुठे बसले आहे?” मॅडम म्हणाल्या. “तुमचं रजिस्टर द्या. भेट देणाऱ्यांनी नाव लिहायचं असतं ना?”

त्यांनी ते आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं. नाव, गाव, आल्याची वेळ. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात लिहिलं: 'थांबणे.'

पहिल्या पाळीची माणसं यायला लागली. संतोषला बघून एकेक जण थांबला. कुणी घोषणा दिली नाही, कुणी काही ठरवलं नाही. नुसते थांबले. गोरखही होता, तो आता पॅकिंगला असायचा. सातचा भोंगा झाला आणि प्रेस शॉपमध्ये एक माणूस नव्हता. पाच मिनिटं. सात. फोन वाजला. बोराडे काकांनी ऐकलं, ठेवला आणि गेटची छोटी कडी काढली. “जा रे, आहेर.”

संतोषने मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “जा. उशीर झालाय.”

तो गेला, त्याच्यामागून सगळे गेले. मॅडम गेल्या नाहीत. मी कँटीनचा चहा आणून दिला.

“साखर जास्त आहे, कदम.”

“कँटीन माझ्याकडे आहे, मॅडम.”

“म्हणूनच सांगते.”

त्यांनी तो सगळा प्यायला, उभ्यानेच. आत प्रेसचे ठोके सुरू झाले. जरा वेळाने गोरख धावत गेटपर्यंत आला, तीन बोटांचा हात हलवत म्हणाला, “मॅडम, पट्टी नाय! दोन्ही बटनं मोकळी!” आणि तसाच परत पळाला. त्याच वेळी मालाचा एक ट्रक बाहेर पडायला आला, काका तिकडे धावले, मी दुधाकडे. ट्रक गेल्यावर वळून पाहिलं तर रिकामा कप गेटच्या कठड्यावर होता आणि लांब वळणावर आवाज येत होता, “सरका हो, सरका!”

त्यानंतर मॅडम मला दिसल्या नाहीत. थंडीत त्यांच्या निफाडच्या भावाचा फोन आला, तेव्हा अंत्यविधीही आटोपलेला होता.

काकांनी मला नंतर ते रजिस्टर उघडून दाखवलं. बाहेर जाण्याची वेळ लिहायची त्या गडबडीत राहून गेली होती. “आता काय लिहू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही लिहू नका. रजिस्टर भरलं आणि कपाटात गेलं. त्यात साळवे मॅडम गेटवर आल्याची वेळ आहे, सहा पन्नास. गेल्याची नाही.